फॉर्मल शर्ट अंगावर नीट बसत नाही: रेडिमेड घेऊन आल्टर करावा की शिवूनच घ्यावा? (धुळे-जळगावकडचे सांगा)

पांझराकाठ (धुळे):
राम राम मंडळी. धुळ्यातच बँकेत नोकरी लागलीये, पुढच्या महिन्यात जॉइनिंग, म्हणजे आता रोज फुल बाहीचा फॉर्मल शर्ट, इन करून. घरची शेती असल्याने लहानपणापासून अंगमेहनतीची सवय, त्यामुळे खांदे रुंद आणि छाती ४० इंच आहे पण बेंबीपाशी ३३ च भरतं. मान १५ इंच. हात जरा लांब आहेत. आता दुकानात ३९ नंबर घातला की कॉलर बरोबर, खांद्याची शिवण पण बरोबर जागेवर, पण पोटापाशी एवढं कापड उरतं की इन केल्यावर दोन्ही बाजूंनी फुगा येतो. स्लिम फिट घातला तर पोटाला मस्त बसतो पण पाठीत ओढतो, बाइकचं हँडल धरल्यासारखे हात पुढे केले की छातीचं बटण ताणलं जातं आणि कफ मनगटाच्या वर सरकतो. पाचकंदील, आग्रा रोड सगळीकडे फिरून झालं, दुकानदार म्हणतात अंगावर वापरला की बसेल. मला नाही वाटत तसं. मला दिखावा नको, ब्रँडचं पण काही नाही, फक्त काउंटरवर दिवसभर बसल्यावर शर्ट नीटनेटका दिसला पाहिजे आणि हात हलवता आला पाहिजे. रेडिमेड घेऊन आल्टर करू की सरळ कापड घेऊन शिवायला टाकू? शिवायचा तर टेलरला नेमकं काय सांगायचं? आमच्या घरात आजवर कोणी रोज फॉर्मल घातलेला नाही म्हणून विचारतोय.

भुसावळकर:
अभिनंदन भाऊ नोकरीबद्दल. आधी एक गोष्ट क्लिअर करून घे कारण निम्म्या लोकांचा घोळ इथेच होतो. फॉर्मल शर्टच्या लेबलवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे जे आकडे असतात ते कॉलरचे सेंटिमीटर असतात, छातीचे इंच नाहीत. ३८ म्हणजे १५ इंच, ३९ म्हणजे साधारण साडेपंधरा, ४० म्हणजे पावणेसोळा, ४२ म्हणजे साडेसोळा, ४४ म्हणजे सव्वासतराच्या जरा वर. छाती ४० आहे म्हणून लोक ४० नंबर मागतात आणि मग गळा ढिला. कॅज्युअल शर्टात मात्र एस एम एल असतं किंवा खरंच छातीचे इंच टाकलेले असतात, दोन्ही एकाच रॅकवर टांगलेले, माणूस गोंधळणारच. तुझी मान १५ असेल तर अर्धा इंच सैल धरून ३९ हेच बरोबर आहे, तू नंबर नीट धरलाय.

आणि ३९ नंतर ४०, ४० नंतर एकदम ४२. मधला ४१ बहुतेक ठिकाणी नसतोच. ज्याची मान त्या मधल्या मापाची त्याला रेडिमेडमध्ये कायम तडजोड.

कटिंगमास्तर (धुळे):
मी या धंद्यात आयुष्य घालवलंय, आता दुकान मुलगा बघतो, म्हणून निवांत लिहितो.

पांझराकाठ, शर्ट घेताना बघायच्या दोनच जागा, कॉलर आणि शोल्डर. या दोन बरोबर असतील तर बाकी बहुतेक सगळं नंतर सुधारता येतं, आणि या दोन चुकल्या तर शर्ट कितीही भारी कापडाचा असू दे, दुकानातच ठेवून यायचा. कारण सांगतो. कॉलर मोठी करता येत नाही. फार तर बटण सरकवून थोडी जागा मिळते, पण जास्त सरकवलं की कॉलरची दोन टोकं सारखी बसत नाहीत, टाय लावला की लगेच दिसतं. शोल्डर कमी करायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते, मुंढा (बाही जिथे जोडतात तो बगलेचा गोल) नव्याने कापावा लागतो, परत बाही बसवायची, एवढ्या कामात नवा शर्ट होतो. आणि शोल्डर छोटा असेल तर वाढवायला कापड आणणार कुठून?

याउलट साइड दाबणं अगदी सोपं काम. दोन्ही बाजूंनी मिळून दोन-अडीच इंच कमी होतात, शर्टाला काही होत नाही. त्याहून जास्त दाबलं की पुढचे पल्ले मागे ओढले जातात, खिसा बगलेकडे सरकल्यासारखा दिसतो. म्हणून जास्त कमी करायचं असेल तर थोडं साइडला आणि थोडं पाठीत दोन डार्ट (आतून चिमटीत घेऊन शिवलेल्या उभ्या निमुळत्या शिवणी) मारून. बाहीची लांबी पण कमी होते, कफ उसवून, बाही कापून, कफ परत लावायचा. इंचभर आरामात. वाढवायचं मात्र काही जमत नाही, म्हणून तुझ्यासारखे हात लांब असतील तर बाही आधी बघ.

आता आरशासमोर काय बघायचं. सगळी बटणं लाव, गळ्याचं पण. कॉलरच्या आत दोन बोटं सहज जायला पाहिजेत पण बोटं काढल्यावर गळ्याभोवती पोकळी दिसायला नको. खांद्याची शिवण खांद्याचं हाड जिथे संपतं बरोबर तिथे, त्याच्या खाली दंडावर उतरली तर शर्ट मोठा. मग हात सैल सोडून उभा राहा आणि घड्या बघ, कारण कुठे काय चुकलंय ते घडीवरून कळतं. छातीच्या बटणापासून दोन्ही बगलांकडे आडव्या रेषा जात असतील तर छाती कमी पडते. पोटाच्या बटणापाशी फुलीसारखा ताण दिसला तर पोटात कमी. कॉलरपासून बगलेकडे तिरप्या घड्या पडत असतील तर खांदे उतरते आहेत आणि शर्ट सरळ खांद्यांसाठी कापलाय. मागे कॉलरच्या खाली आडवी वळी येत असेल तर नेमकं उलटं, खांदे सरळ आहेत आणि शर्ट उतरत्या खांद्यांचा. दुकानातले लोक समोरून बघून छान दिसतो म्हणतात. पाठीमागून कोणी बघत नाही, आणि फिटिंगच्या निम्म्या चुका पाठीतच असतात, म्हणून सोबत कोणाला तरी घेऊन जा आणि मागून फोटो काढायला सांग.

तुझा प्रश्न मला तरी सरळ दिसतो. ४० छाती आणि ३३ पोट, एवढा फरक रेडिमेडवाले धरत नाहीत. स्लिम फिटमध्ये ते पोटाबरोबर पाठ पण अरुंद करतात, म्हणून तुला ओढतो. जो ३९ रेग्युलर कॉलर-शोल्डरला बसला तोच घे आणि आल्टर कर. एक-दोन शर्ट असे करून घेतले की जॉइनिंगची घाई पण राहणार नाही.

केळीबाग_रावेर:
मास्तर, बठ्ठं बराबर सांगं तुमीन. मन्हं मात्र उलटं शे, मान बारीक नि पोट मोठं. पोटाच्या मापाने घेतलं की ४४ लागतो आणि मग खांदा दंडावर येतो, कॉलरमध्ये मान हरवते. लग्नाकार्यात फोटोत फार वाईट दिसतं. घरचे म्हणतात टी-शर्ट घालत जा. काय करावं?

कटिंगमास्तर (धुळे):
नाना, टी-शर्ट कशाला, शर्टच घाला. पोटासाठी नंबर वाढवत जायचं नाही. रेडिमेड घ्यायचा तर कॉलरच्या मापाचाच घ्या पण कम्फर्ट किंवा क्लासिक फिट लिहिलेला, त्यात छाती-पोटाला जास्त माया असते. तेवढ्याने भागलं नाही तर शिवूनच घ्या. शिवताना टेलरला सांगा की पोटाचं माप बसून घ्या, उभं राहून घेतलेलं माप बसल्यावर कमी पडतं आणि शेवटची दोन बटणं ओढली जातात. पुढच्या भागाची लांबी पण मागच्यापेक्षा इंचभर जास्त ठेवायला सांगा, पोटावरून कापड फिरून येतं म्हणून पुढून शर्ट आखूड पडतो आणि इनमधून निघतो. पोट असलेल्या माणसाला नीट मापाचा शर्ट फार शोभतो, ढगळ शर्टात उलट अंग जास्त दिसतं.

गिरणाकाठची_शिलाई (चाळीसगाव):
मास्तरकाकांचं बहुतेक सगळं पटलं. मी लेडीज-जेंट्स दोन्ही शिवते त्यामुळे माझं थोडं वेगळं मत मांडते. पांझराकाठ दादा, तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की तुमचा मूळ त्रास मुंढ्यात आहे. रेडिमेडचा मुंढा खोल ठेवतात, कारण जाड-बारीक सगळ्यांच्या दंडाला तो चालला पाहिजे. मुंढा खोल असला की हात वर केला तर बाहीबरोबर सगळा शर्टच वर उचलला जातो, इन सुटतं, कफ वर सरकतो. लोकांना वाटतं की शर्ट घट्ट आहे म्हणून असं होतंय आणि मोठा घेतात, मग मुंढा आणखी खोल. खरं तर मुंढा बगलेच्या जवळ असला तर हात मोकळा हलतो आणि शर्ट जागेवर राहतो. हे आल्टरेशनमध्ये होत नाही, मुळात कापतानाच व्हावं लागतं. म्हणून माझा सल्ला शिवून घ्या असा आहे, निदान रोजचे शर्ट तरी.

पाठीत डार्ट मारण्याबद्दल पण एक. प्लेन कापडावर ठीक आहे. चेक्स किंवा ठळक लाइनिंगवर डार्ट मारला की रेषा तिथे वाकडी होते आणि पाठीवर दोन ओरखडे ओढल्यासारखे दिसतात. चेक्सचा शर्ट आल्टर करायचा तर साइडनेच.

टेलर निवडायचा असेल तर त्याने शिवलेला शर्ट हातात घेऊन आतून बघा. साइडची शिवण आतून दोन्ही काठ दुमडून शिवलेली असेल तर तो मन लावून काम करतो. काज बघा, दोरे सुटलेले नकोत. कॉलरची दोन टोकं एकमेकांवर ठेवून बघा, सारखी पाहिजेत. आणि खिसा असेल तर चेक्स खिशावर जुळतात का. एवढं बघितलं की पुढे बोलायची गरज नाही.

भुसावळकर:
ताई मुंढ्याचं आज कळलं. मला रेल्वेत दिवसभर वरच्या रॅकवरून फायली काढाव्या लागतात, शर्ट सारखा बाहेर. मी लांबी कमी आहे समजून लांब शर्ट शोधत होतो.

गिरणाकाठची_शिलाई (चाळीसगाव):
लांबी पण बघाच भाऊ. इन करायच्या शर्टाला खालून गोलाकार घेर असतो, पुढे-मागे लांब आणि बाजूला आखूड. सरळ घेराचा तो बाहेर सोडायचा शर्ट, तो इन केला की निघणारच. ट्रायल रूममध्ये इन करून दोन्ही हात वर करून बघायचं, खाली वाकून बघायचं. नुसतं आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही.

सातपुडा_वारा (नंदुरबार):
आमच्याकडे लोक कापडाला सुरतला जातात, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत. पण शर्टासाठी सांगतो, सुरतचं मार्केट मुख्यतः साड्या, ड्रेस मटेरियल आणि सिंथेटिक कापडाचं. प्युअर कॉटन शर्टिंग पाहिजे असेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही, आपल्या धुळे-जळगावच्या कापड दुकानात चांगलं मिळतं. आणि खान्देशात राहून रोज फुल बाही घालायची तर कापड आधी बघा, फिटिंग नंतर. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो, त्यात पॉलिस्टर जास्त असलेला टेरीकॉट इन करून घातला तर दुपारपर्यंत पाठ चिकटते. घाम टिपलाच जात नाही.

पांझराकाठ (धुळे):
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. ठरवलं, दोन रेडिमेड घेऊन आल्टर करतो, मास्तर म्हणतात तसे, आणि बाकीचे शिवतो. पण कापडाचं काही कळत नाही. दुकानात गेलं की दहा थान समोर टाकतात. कॉटन म्हणून जे देतात ते कॉटनच असतं का? किती मीटर घ्यायचं? आणि कॉटन आटतं म्हणतात त्याचं काय?

अमळनेरचा_नातू (सध्या पुणे):
कापडाचं मी सांगतो. माझे आजोबा अमळनेरला प्रताप मिलमध्ये होते, प्रताप शेठजींनी उभारलेली ती. घरात कापडावरच बोलणं चालायचं. आजोबा कापड घेताना थानाचा एक पदर उचलून उजेडाकडे धरायचे. वीण सारखी दिसली पाहिजे, मध्ये विरळ पट्टे दिसले की ठेवून द्यायचे. मग कोपरा मुठीत चुरगळून सोडायचे. प्युअर कॉटनला घडी पडते आणि राहते, पॉलिस्टर मिसळलेलं लगेच उलगडतं. थोडीच घडी पडली तर ब्लेंड समजायचं. अगदी खात्री करायची असेल तर कापडाचे दोन-चार धागे काढून काडीने जाळून बघायचे. कॉटन कागद जळल्यासारखा वास देतं आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. ही परीक्षा मी आजही करतो, पुण्यात दुकानदार बघत राहतात पण धागा देतात.

काउंट विचारायचा. काउंट म्हणजे सुताची बारीकी, आकडा जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. रोजच्या वापराला ४० ते ६० काउंटचं पॉपलिन पुरतं. त्याच्या वरचं १००-१२० काउंटचं कापड हाताला रेशमासारखं लागतं पण घड्या लवकर पडतात, पांढरं असेल तर आतलं बनियन दिसतं, आणि रोजच्या धुण्याला टिकत नाही. ऑक्सफर्ड जाडसर असतं, हिवाळ्यात छान, आपल्याकडच्या उन्हाळ्यात जड. लिनन थंड असतं पण बँकेत दुपारपर्यंत चुरगळलेलं दिसेल, ते सुट्टीला ठेव.

आपल्या काळ्या मातीत एवढा कापूस पिकतो आणि शर्टाचं कापड मात्र इचलकरंजी-भिवंडीहून येतं, याचं मला फार वाईट वाटतं. अमळनेर, जळगाव, चाळीसगाव, धुळे, चारही ठिकाणी कापडाच्या गिरण्या होत्या. असो, विषय वेगळा आहे.

कटिंगमास्तर (धुळे):
नातवाने छान सांगितलं, आजोबांची परीक्षा बरोबर आहे, आम्ही पण तसंच बघायचो.

मीटरचं असं आहे, आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचार. ५८ इंच पन्ह्याचं असेल तर फुल बाहीला १.६० मीटर पुरतं. ३६ इंच पन्हा असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. तुझे हात लांब आहेत म्हणून थोडं जास्तच घे, उरलेल्या तुकड्यातून टेलरकडून एक जादा कफ-कॉलर कापून ठेवायला सांगता येतं. शर्टात आधी कॉलर आणि कफ विरतात, अंग चांगलं असतं. जुन्या काळी कॉलर उलटून लावायचे, आता कोणी करत नाही पण करायला हरकत काही नाही.

आटण्याचं काम मनावर घे. कॉटन कापड तीन टक्के जरी आटलं तरी ३९ सेंटिमीटरची कॉलर सेंटिमीटरभराहून जास्त कमी होते, म्हणजे पूर्ण एक नंबर गेला. पहिल्या धुण्यानंतर गळ्याचं बटण लागत नाही अशी तक्रार घेऊन माणसं येतात ती यामुळेच. म्हणून कापड शिवायला टाकायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं, सकाळी न पिळता सावलीत दोरीवर टाकायचं, थोडं ओलसर असताना इस्त्री, आणि मग टेलरकडे. गडद रंगाचं वेगळं भिजव. टेलरकडून भिजवून घेईन असं म्हणू नकोस, घाईच्या दिवसात कोण भिजवतंय. कॉलरच्या आत जे कॅनव्हास किंवा फ्यूजिंग घालतात ते पण चांगलं पाहिजे, हलकं असलं की काही धुण्यांनंतर कॉलरवर बारीक फुगे येतात आणि ते इस्त्रीने जात नाहीत. कॉलर-कफला चांगलं फ्यूजिंग घाला, त्याचे वेगळे पैसे देतो, असं स्पष्ट सांग. टेलर खूश होतो, कारण कोणी विचारतच नाही.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास टेलरकडे जाऊ नकोस. लग्नसराईत सगळ्यांकडे कपड्यांचा ढीग असतो, ट्रायल कोणी देत नाही. आत्ता लगेच टाक.

केळीबाग_रावेर:
मास्तर एक विचारू का, आमच्याकडे आहेरात आलेले शर्टपीस-पँटपीस पेटीभर पडलेत, सगळ्यांच्या घरी असतील. नवीन टेलरकडे पहिला शर्ट त्या आहेराच्या कापडाचा शिवला तर? बिघडला तरी जीव जळत नाही, आणि जमला तर मग चांगलं कापड टाकायचं.

कटिंगमास्तर (धुळे):
नाना उत्तम. मी पण हेच सांगतो गिऱ्हाइकाला. एवढं लक्षात ठेवा की आहेराचं कापड बहुतेक टेरीकॉट असतं, ते आटत नाही आणि कॉटनसारखं पडत पण नाही. माप तपासायला चालतं, मुंढा, शोल्डर, बाही सगळं कळतं. कॉलरला मात्र कॉटन शिवताना परत विचार करा.

गिरणाकाठची_शिलाई (चाळीसगाव):
टेलरला काय सांगायचं हे राहिलंच. सगळ्यात चांगलं म्हणजे अंगाचं माप आणि शर्टाचं माप दोन्ही द्या. तुमच्याकडे एखादा शर्ट असेल ज्याचा खांदा किंवा कॉलर अगदी मनासारखी आहे तो घेऊन जा, बटणं लावून टेबलावर सपाट पसरा. कॉलर उघडून बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंत मोजायची. खांदा पाठीमागून, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत. छाती एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत, आणि दुप्पट. बाही खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे ऑनलाइन मागवायचं झालं तरी कामाला येतात, तिथे दिलेला मापांचा तक्ता शर्टाचा आहे की अंगाचा एवढं मात्र बघून घ्यायचं.

दादा तुमच्यासाठी मी असं कापलं असतं: छाती तयार ४४, म्हणजे अंगापेक्षा चार इंच सैल. पोट तयार ३८. पाठीत मधोमध एक बॉक्स प्लेट (समोरासमोर दुमडलेली चुणी) न घालता खांद्याच्या पात्यांपाशी दोन बाजूंना एकेक छोटी प्लेट, कारण तुम्हाला जागा तिथे पाहिजे, मध्ये नको. कफ मनगटापेक्षा दोन इंच सैल, ज्या हातात घड्याळ त्या बाजूला अर्धा इंच जास्त. बाहीची लांबी हात कोपरात थोडा वाकवून घ्या, हात खाली सोडल्यावर कफ अंगठ्याच्या मुळाशी यायला पाहिजे. मास्तरकाका, बरोबर आहे ना?

कटिंगमास्तर (धुळे):
बरोबर आहे बेटा. पोट मी साडेअडतीस धरलं असतं, बसून काम आहे त्याचं.

पांझराकाठ (धुळे):
ट्रायल झाली मंडळी. आमच्या गल्लीतल्याच टेलरकडे टाकला, त्यांना ताईंचे आकडे दाखवले, ते म्हणाले हे कोणी सांगितलं, बरोबर आहे. कच्च्या शिलाईवर घालून बघितला. हात पुढे केले, वर केले, शर्ट जागचा हलला नाही. पोटाला पण छान. एकच गोष्ट खटकते. उजव्या बाजूला कॉलरपासून बगलेकडे एक तिरपी घडी पडते, डावीकडे काहीच नाही. मास्तरांनी लिहिलं होतं की तिरपी घडी म्हणजे उतरते खांदे, पण मग एकाच बाजूला का? फोटो टाकलाय, समोरून आणि मागून. टेलर म्हणतात इस्त्रीने जाईल.

कटिंगमास्तर (धुळे):
फोटो बघितला. इस्त्रीने जाणार नाही. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली आहे. मागच्या फोटोत बघ, बेल्टपासून दोन्ही बगलांची उंची सारखी नाही. घाबरायचं काही कारण नाही, अशी माणसं भरपूर असतात, मापाला उभं केलं की रोज दिसतात, त्यांना स्वतःला माहीत नसतं.

उपाय सोपा आहे आणि आत्ता कच्ची शिलाई आहे तोवरच करायचा. तू आरशासमोर सैल उभा राहा, ताठ होऊ नकोस. टेलरला सांग, उजव्या बाजूला खांद्यावर योकची (खांदे आणि वरच्या पाठीवरच्या आडव्या पट्टीची) जी पुढची शिवण असते तिथे घडी चिमटीत धरा. कॉलरपाशी काहीच घ्यायचं नाही, खांद्याच्या टोकाकडे हळूहळू वाढवत पाव इंच, फार तर पाव इंचाच्या जरा वर. चिमूट धरल्याबरोबर तिरपी घडी सपाट होईल, तुला डोळ्यांना दिसेल. तिथे टाचणी लावा, खडूने रेघ मारा, आणि तेवढंच दाबा. खांद्याच्या टोकाला कापड दाबलं की मुंढा पण तेवढाच लहान होतो, म्हणून बगलेपाशी तो तेवढाच खाली उतरवून बाही परत लावावी लागेल. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे, चांगला टेलर नाही म्हणणार नाही. आणि वहीत तुझ्या मापासमोर लिहून ठेवायला सांग, उजवा खांदा पाव इंच खाली. पुढचे सगळे शर्ट मग पहिल्यापासूनच तसे कापले जातील.

पांझराकाठ (धुळे):
केलं मास्तर. चिमटीत धरताक्षणी घडी गेली. टेलरकाका पण खूश झाले, म्हणाले हे मी विसरलोच होतो, पूर्वी सूट शिवायचो तेव्हा करायचो. वहीत लिहून घेतलं त्यांनी. आता निळ्या बारीक चेक्सचं एक आणि पांढरं पॉपलिन एक घ्यायचा विचार आहे. चेक्सला कापड जास्त लागतं का?

गिरणाकाठची_शिलाई (चाळीसगाव):
अगदी बारीक चेक्स असतील, लांबून प्लेन वाटतील असे, तर जास्त नाही लागत. पाव इंचाच्या वरचे चेक्स असतील तर १.६० च्या जागी पावणेदोन-दोन मीटर घ्या, कारण खिसा, पुढचे दोन्ही पल्ले आणि योक जुळवताना कापड वाया जातं. थान उलगडल्यावर चेक्स सरळ विणलेत का ते बघा, आडवी रेघ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तिरकी जात असेल तर ते थान घेऊ नका. ते कापतानाही जुळत नाही आणि धुतल्यावर शर्ट पिळल्यासारखा फिरतो. पांढरं पॉपलिन उजेडाकडे धरून घ्या, नातूभाऊंनी सांगितलंय तसं. आणि दोन्ही कापडं वेगवेगळ्या बादलीत भिजवा.